घाट चढताना इंजिनातून शिट्टी येते, टर्बो बदलायला सांगितलंय. त्याआधी काय काय तपासू?

निपाणी_तवंदी

नमस्कार. सात सीटर गाडी, १२४८ सीसी डिझेल, व्हेरिएबल टर्बो (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) आणि इंटरकूलर (ती हवा थंड करणारी जाळी) असलेलं इंजिन, २०१४ चं मॉडेल. आजवर १ लाख १२ हजार किलोमीटर झालेत. लक्षणं जेवढी नीट लिहिता येतील तेवढी लिहितो, म्हणजे अंदाज बांधायला सोपं जाईल.

निपाणीतून संकेश्वरकडं निघालं की तवंदी घाटाच्या चढाला तिसऱ्या गियरमध्ये साधारण १८०० आरपीएमला बारीक शिट्टी सुरू होते. २२०० ते २५०० च्या दरम्यान ती सगळ्यात मोठी असते. पाय उचलला की त्याच क्षणी बंद. सपाट रस्त्यावर ८० च्या वेगानं आरामात चाललं तर आवाज नाही. गाडी उभी करून न्यूट्रलमध्ये ३००० पर्यंत रेस दिली तरी शिट्टी येत नाही. एसी चालू-बंद करून काही फरक पडत नाही. थंड इंजिन, गरम इंजिन, दोन्हीत तेच.

पिकप कमी झालाय, हे नक्की. वंटमुरीचा चढ पूर्वी चौथ्यात निघायचा, आता तिसरा टाकावा लागतो. जोर दिला की मागून काळा धूर. निळा किंवा पांढरा धूर नाही. ऑइल कमी होत नाही, ५००० किलोमीटरला गेजवर अर्धी खूणही उतरत नाही. चेक लाइट एकदा लागून दोन दिवसांनी आपोआप गेली. दोन महिन्यांपूर्वी सर्व्हिसिंगला एअर फिल्टर बदलला होता.

एका गॅरेजात बॉनेट उघडून आवाज ऐकला आणि "टर्बो गेला, नवा टाका" असं सांगितलं. काही खोलून बघितलेलं नाही. एवढा खर्च करण्याआधी घरी किंवा साध्या गॅरेजात काय तपासता येईल?

---

उद्यमबाग_वर्कशॉप

दादा, लक्षणं चांगली लिहिलीत. निम्मं निदान त्यातच आहे. टर्बोची ऑर्डर देऊ नका, अजून तिथवर आपण पोचलेलोच नाही.

शिट्टी कुठून येते यापेक्षा कधी येते ते आधी बघायचं. तुमची शिट्टी लोड आल्यावरच येते. न्यूट्रलमध्ये ३००० ला येत नाही, घाटात २००० ला येते. म्हणजे ती आरपीएमच्या मागं नाही, हवेच्या दाबाच्या मागं आहे. न्यूट्रलमध्ये रेस दिली तर टर्बो फिरतो, पण इंजिनावर ओझं नसल्यामुळं डिझेल थोडं जातं, एक्झॉस्टमध्ये जोर नसतो आणि दाब तयार होत नाही. घाटात तोच टर्बो वातावरणाच्या वर आणखी एक बारच्या आसपास दाब भरतो. एवढ्या दाबाला पाइपाला बारीक चीर असली तरी तिच्यातून हवा शिट्टी मारतच बाहेर पडते. बेल्ट, पुली, अल्टरनेटरचं बेरिंग हे न्यूट्रलमध्येही ओरडले असते, तेव्हा ते यादीतून बाजूला.

दुसरी खूण म्हणजे काळा धूर आणि पिकप कमी. इंजिनात गेलेली म्हणून मोजलेली हवा वाटेतच गळते. डिझेल त्या मोजलेल्या हवेच्या हिशेबानं पडतं, प्रत्यक्षात हवा कमी, म्हणून अर्धवट जळून काळा धूर. टर्बोचं सील गेलं असतं तर निळा धूर दिसला असता आणि ऑइलही उतरलं असतं. तुमच्याकडं दोन्ही नाही.

म्हणून माझा पहिला संशय टर्बोपासून इंटरकूलरपर्यंतच्या किंवा इंटरकूलरपासून इनटेकपर्यंतच्या रबरी पाइपावर, नाहीतर त्याच्या क्लिपवर. दुसरा संशय एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (सिलिंडरांतला धूर गोळा करणारा भाग) आणि टर्बोच्या मधल्या गॅस्केटवर. तिथून गळती असेल तर जोराला शिट्टी किंवा फुसफुस येते, कारण टर्बो फिरवणारा वायूच बाहेर पडतो. पण ही गळती थंड इंजिनाला जास्त आणि गरम झाल्यावर धातू फुगून कमी होताना दिसते, आणि सांध्याजवळ काजळीचा काळा फराटा उमटतो. तुमचा आवाज थंड-गरम सारखाच आहे, म्हणून हा संशय दुसऱ्या नंबरावर. तरी बॅटरीवर चालणारा एखादा लाइट घेऊन मॅनिफोल्डच्या मागं बघाच. तिथं काजळी दिसली आणि गाडीत धुराचा वास येत असेल तर काच उघडी ठेवून चालवा आणि आधी ते काम करा, कार्बन मोनॉक्साइडला स्वतःचा वास नसतो.

आता घरी करायचं काम. इंजिन पूर्ण थंड हवं. बॉनेट उघडून एअर फिल्टरच्या डब्यापासून सुरुवात करा, कारण दोनच महिन्यांपूर्वी तो उघडलेला आहे. झाकणाच्या सगळ्या क्लिपा बसल्यात का, फिल्टरची रबरी कड चेमटून दुमडलेली नाही ना, डब्यातून टर्बोकडं जाणारा पाइप पूर्ण आत गेलाय का. इथं फट असेल तरी शिट्टी येते, पण ही हवा आत ओढण्याची शिट्टी असते. खानापूरकडच्या तांबड्या धुळीत अशी फट ठेवून गाडी फिरवणं म्हणजे टर्बोच्या पात्यांवर सरळ वाळू मारणं. या वाटेनं गेलेले टर्बो आमच्याकडं येतात, पात्यांची पुढची कड कापल्यासारखी झिजलेली असते.

मग टर्बोतून निघून पुढं इंटरकूलरकडं जाणारा पाइप हातानं चाचपा. वरून चांगला दिसतो, त्यावर जाऊ नका. चीर जवळजवळ नेहमी खालच्या बाजूला, वाकणावर नाहीतर क्लिपच्या लगत असते. आरसा आणि टॉर्च घ्या, किंवा बोटं फिरवा. बोटाला काळं तेलकट लागलं तर तिथंच थांबून नीट बघा. टर्बोच्या पाइपात ऑइलचा बारीक थर असणं साहजिक आहे, क्रँककेसची (इंजिनाच्या खालच्या, ऑइल असलेल्या भागाची) वाफ तिथूनच जाते. पण तो बाहेर आलेला दिसला तर त्या वाटेनं हवाही बाहेर येते. तेलकट जागेवर धूळ चिकटून काळा डाग धरतो, तोच तुमचा खुणेचा दगड.

पाइप दोन्ही हातांनी पिळून, वाकवून बघा. आतला थर फाटलेला असेल तर बंद अवस्थेत चीर मिटलेली असते, दाब आला तरच तोंड उघडते. म्हणून नुसतं बघून "पाइप ठीक आहे" म्हणणं मला पटत नाही.

---

ओबीडी_संकेश्वर

वरच्या उत्तराला थोडी आकड्यांची जोड देतो. साधा ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले कोड आणि आकडे वाचणारं यंत्र) आणि मोबाइल एवढ्यात हे होतं.

आधी साठवलेला कोड वाचा. लाइट आपोआप गेली तरी कोड राहिलेला असण्याची शक्यता बरीच. पी०२९९ निघाला तर त्याचा अर्थ "दाब मागितला तेवढा मिळाला नाही" एवढाच. बरेच लोक तो कोड दाखवून "टर्बो खराब" म्हणतात. कोड टर्बोचं नाव घेत नाही. फाटका पाइप, अडकलेली व्हेन (टर्बोतली धुराची वाट कमी-जास्त करणारी हलती पाती), उंदरानं खाल्लेली व्हॅक्यूमची नळी, सगळ्यांना तोच कोड येतो.

मग मॅनिफोल्ड प्रेशरचा, म्हणजे इनटेकमधल्या हवेच्या दाबाचा, आकडा लावा. चावी ऑन, इंजिन बंद. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच आहे, तेव्हा इथं हा आकडा ९२-९३ किलोपास्कलच्या आसपास यायला हवा. पणजीत तीच गाडी १०१ दाखवेल. इंटरनेटवरचे आकडे बहुतेक समुद्रसपाटीचे असतात, ते बघून सेन्सर खराब समजू नका. पण चावी ऑनला ८० किंवा ११० दिसला तर मात्र आधी सेन्सर बघा, बाकीचं सगळं मोजमाप त्याच्यावर उभं आहे.

आता शेजारी कुणाला तरी बसवून मोबाइल त्यांच्याकडं द्या आणि तवंदीच्या चढाला तिसऱ्या गियरमध्ये १५०० पासून पूर्ण रेस देऊन २५०० पर्यंत न्या. स्कॅनर मागितलेला दाब आणि मिळालेला दाब दोन्ही दाखवत असेल तर उत्तम. दोन्हींत क्षणभर फरक पडतो, तो टर्बो जागा होण्याचा उशीर. पण २००० च्या वर गेल्यावरही १५-२० किलोपास्कलचा फरक तसाच टिकला तर गळती आहे किंवा व्हेन अडकली आहे. शिट्टी आणि फरक एकाच आरपीएमला सुरू झाले तर गळतीच. शिट्टीशिवाय नुसता दाब कमी असेल तर व्हेनकडं बघायचं.

चालवणाऱ्यानं मोबाइलकडं बघायचं नाही. तो महामार्ग आहे, मागं ट्रेलर असतात.

---

चिकोडी_पेट्रोल

मध्येच विचारतोय, माफ करा. माझी १२०० सीसी पेट्रोल आहे, टर्बो नाही. माझी शिट्टी बरोबर उलटी आहे, गाडी उभी असताना स्लोवर येते आणि रेस दिली की जाते. स्लो पण वरखाली होतो. हेच सगळं मलाही लागू का?

---

उद्यमबाग_वर्कशॉप

नाही. तुमच्याकडं हवा बाहेर जात नाही, आत ओढली जाते. पेट्रोल इंजिनात स्लोवर थ्रॉटल (हवेची झडप) जवळजवळ बंद असतो आणि मॅनिफोल्डमध्ये जोरदार व्हॅक्यूम तयार होतं. रेस दिली की थ्रॉटल उघडतो, व्हॅक्यूम पडतं, शिट्टी थांबते. तुमचं लक्षण अगदी पुस्तकी आहे.

पहिली तपासणी फुकट आहे. इंजिन स्लोवर असताना ऑइल भरायचं झाकण हळूच सैल करा किंवा ऑइल गेज थोडी वर ओढा. शिट्टी त्या क्षणी बंद झाली तर पीसीव्ही व्हॉल्व्हचा (क्रँककेसची वाफ इनटेककडं सोडणाऱ्या व्हॉल्व्हचा) पडदा फाटलाय. फाटल्यामुळं क्रँककेसमध्ये नको तेवढं व्हॅक्यूम बसतं आणि बाहेरची हवा कुठल्या तरी ऑइल सीलच्या ओठातून ओढली जाते, तीच शिट्टी. काही इंजिनांत हा व्हॉल्व्ह सुटा मिळतो, काहींत वरच्या कव्हरलाच जोडून येतो. हे काम लांबवू नका, सील बाद होऊन ऑइल गळायला लागतं.

झाकण उघडून फरक पडला नाही तर ब्रेक दाबून बघा. पायाचा दाब दिल्यावर शिट्टी बदलली किंवा पेडलजवळ आतून फुसफुस ऐकू आली तर ब्रेक बूस्टर (व्हॅक्यूमवर पायाचा जोर वाढवणारा डबा) किंवा त्याची नळी. खात्री अशी करायची: इंजिन बंद करून पेडल चार-पाच वेळा दाबा, कडक होईल. तसंच दाबून धरा आणि इंजिन चालू करा. पेडल थोडं खाली बसलं तर बूस्टर काम करतोय. बसलं नाही तर ते दुरुस्त होईपर्यंत चोर्ला किंवा आंबोली उतरायला जाऊ नका. इतर कुठली गळती आठवडाभर थांबेल, ही नाही.

त्यानंतर थ्रॉटल बॉडीचं गॅस्केट, मॅनिफोल्डचं गॅस्केट आणि बारीक नळ्यांची टोकं. मीटरभर रबरी पाइपाचं एक टोक कानाला लावून दुसरं टोक सांध्यांवरून फिरवा, बोट ठेवल्यासारखी जागा सापडते. बेल्ट आणि पंख्यापासून बाही, ओढणी, गळ्यातली चेन लांब. पंखा इलेक्ट्रिक असतो, कधीही सुरू होतो.

---

ओबीडी_संकेश्वर

चिकोडीकरांसाठी एवढंच: स्कॅनरवर लाँग टर्म फ्युएल ट्रिम (कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के कमी-जास्त करतोय तो आकडा) बघा. स्लोवर अधिक १० टक्क्यांच्या वर आणि २५०० आरपीएमला शून्याजवळ येत असेल तर व्हॅक्यूम गळतीच. दोन्हीकडं सारखाच जास्त असेल तर पेट्रोलचा दाब, इंजेक्टर किंवा हवेचा सेन्सर बघायचा, शिट्टीचा मुद्दा वेगळा.

व्हॅक्यूम गेज लावणार असाल तर तिथंही उंचीचा हिशेब ठेवा. समुद्रसपाटीला निरोगी इंजिन स्लोवर पाऱ्याचे १७ ते २१ इंच दाखवतं. दर ३०० मीटरला साधारण एक इंच कमी होतो. बेळगावच्या उंचीला १५ ते १८ दिसलं तर इंजिन ठणठणीत आहे. चिकोडी बेळगावपेक्षा खाली आहे, तुमच्याकडं किंचित जास्त दिसेल.

---

निपाणी_तवंदी

सगळ्यांचे आभार. काल जेवढं करता आलं तेवढं केलं.

कोड पी०२९९ निघाला. चावी ऑनला ९४, म्हणजे सेन्सर ठीक धरतो. घाटात २२०० ला मागणी २०५, मिळतात १६५ आणि शिट्टी त्याच वेळी. फिल्टरचा डबा नीट बसलाय. पाइपावर बाहेरून चीर दिसली नाही, पण इंटरकूलरच्या खालच्या टोकाला तेलकट डाग आहे. मॅनिफोल्डच्या मागं काजळी नाही. हा डाग म्हणजे तिथलीच गळती का?

---

खानापूर_रोड_डिझेल

डाग आहे म्हणजे गळती तिथंच, असं नेहमी नसतं. तेल उतारानं खाली येतं आणि इंटरकूलर सगळ्यात खाली. गळती वर असू शकते. ४० किलोपास्कलची तूट असेल तर भोक बारीक नाही. आता अंदाज पुरे, दाब भरून बघा. सामान स्वस्त आहे, पद्धत मात्र सांभाळून करायची.

टर्बोच्या तोंडाला फिल्टरकडून येणारा पाइप जिथं बसतो, तिथला पाइप काढा आणि तोंडाचा बाहेरचा व्यास टेपनं मोजा. त्या मापाची पीव्हीसी एंड कॅप आणि जोडायला रबरी पाइपाचा तुकडा हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. कॅपच्या मधोमध साडेअकरा मिलिमीटरचं भोक पाडून त्यात ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह आतून ओढून बसवा. पंक्चरवाल्याकडं व्हॉल्व्ह मिळतो आणि ओढायचं हत्यारही त्याच्याकडंच असतं. ही कॅप टर्बोच्या तोंडावर दोन क्लिपांनी घट्ट करा.

हवेचा सेन्सर फिल्टरच्या डब्याजवळ असतो, तो आपण बाहेरच ठेवतोय, त्याला दाब द्यायचा नाही. दुसरं, क्रँककेसची वाफ घेऊन येणारी नळी टर्बोच्या आधी जोडलेली असते. ती काढून तिचं टोक मोकळं ठेवा आणि टर्बोच्या बाजूचं भोक बंद करा. हे विसरलात तर सगळी हवा सरळ क्रँककेसमध्ये जाते आणि ऑइल सील बाहेर येऊ शकतं. खबरदारी म्हणून ऑइलचं झाकण उघडंच ठेवा.

हवा भरताना रेग्युलेटर असलेलाच कंप्रेसर घ्या. ५ पीएसआयपासून सुरू करा आणि १० च्या वर जाऊ नका. पायाच्या पंपानं होत नाही, गळती असली की दाब टिकत नाही, सतत हवा लागते. गॅरेजच्या लाइनमध्ये ८-१० बार असतो, तो रेग्युलेटरशिवाय थेट सोडला तर कॅप गोळीसारखी उडते. कॅपच्या समोर तोंड ठेवायचं नाही, १० पीएसआयलाही नाही.

आता ऐका. ऑइलच्या झाकणातून थोडी फुसफुस येणारच, कुठल्या तरी सिलिंडरचा इनटेक व्हॉल्व्ह उघडा असतो आणि रिंगांच्या बाजूनं हवा खाली जाते. सायलेन्सरमधून जोरात हवा येत असेल तर एखाद्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह किंचित उघडे असतील. हवा सोडा, चौथा गियर टाकून गाडी हातभर पुढं ढकला आणि पुन्हा भरा. तरी सायलेन्सरमधून येतच राहिली तर ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इनटेकमध्ये सोडणारा) पूर्ण बंद होत नाही, तो कार्बननं अडकलाय.

अर्धा लिटर पाण्यात दोन चमचे भांड्यांचं लिक्विड घालून स्प्रे बाटलीत भरा आणि टर्बोच्या तोंडापासून इनटेकपर्यंत प्रत्येक सांधा, प्रत्येक वाकण भिजवा. अल्टरनेटर आणि वायरींचे कनेक्टर आधी प्लास्टिकनं झाका. बारीक गळतीला फेस धरतो, मोठ्या गळतीला फेस टिकतच नाही, पाणी उडतं आणि आवाज येतो. दाब असताना पाइप हातानं वाकवून बघा, आणि कुणाला तरी इंजिन वरून पुढं-मागं ढकलायला सांगा. हे मुद्दाम सांगतोय, कारण काही चिरा इंजिन झुकल्यावरच उघडतात.

गाडीखाली जाणार असाल तर नुसत्या जॅकवर नको आणि विटांवर तर नकोच. लोखंडी स्टँड लावा, हँडब्रेक आणि मागच्या चाकांना दगड.

एक गोष्ट कुणी सुचवली तरी करू नका: डिझेल गाडीच्या इनटेकजवळ पेट्रोल, कार्ब क्लीनर किंवा स्टार्टिंग स्प्रे मारून गळती शोधणं. डिझेल इंजिन ते ओढून बेफाम पळतं.

---

उद्यमबाग_वर्कशॉप

पाइप काढलाच आहे तर टर्बोही दोन मिनिटांत बघून घ्या, म्हणजे मनातली शंका जाईल. इंजिन बंद आणि थंड. तोंडातून बोटानं मधलं चाक फिरवा, अडखळता कामा नये. शाफ्ट आत-बाहेर ओढून बघा, या दिशेला हाताला जाणवेल असा खेळ नको. वर-खाली थोडा खेळ असतो, कारण बेरिंग ऑइलच्या थरावर तरंगतं आणि आता ऑइलचा दाब नाही. तो खेळ असताना चाक एका बाजूला दाबून फिरवा, पातं घराला घासलं तर टर्बो गेला. घासलं नाही, पात्यांच्या कडा शाबूत आहेत, तर त्याला हात लावू नका.

टर्बोचं बेरिंग जाताना शिट्टी येत नाही असं नाही, येते. पण ती पोलिसांच्या सायरनसारखी चढत जाते आणि पाय उचलल्यावर उतरायला वेळ घेते, कारण चाक फिरतच असतं. तुमची क्षणात बंद होते.

खरंच सायरनसारखा आवाज आणि निळा धूर एकत्र आला तर मात्र गाडी पुढं नेऊ नका. सील पूर्ण फुटलं तर डिझेल इंजिन स्वतःचंच ऑइल पिऊन पळायला लागतं, चावी बंद केली तरी थांबत नाही. मॅन्युअल गाडीत वरचा गियर, ब्रेक पूर्ण दाबून, क्लच सोडून इंजिन बंद पाडायचं.

आणखी एक, इंटरकूलरमध्ये किती ऑइल आहे ते बघा. चमचा-दोन चमचे निघालं तर ठीक. कपभर निघालं तर ब्रीदर (क्रँककेसच्या वाफेची वाट) किंवा टर्बोचं सील तपासावं लागेल.

---

निपाणी_तवंदी

सापडलं. ६ पीएसआयलाच फुसफुस आली, पण जागा कळेना. इंजिन पुढं ढकलल्यावर एकदम शिट्टी वाजली. टर्बोकडून इंटरकूलरकडं जाणाऱ्या पाइपाच्या खालच्या वाकणाला आतून सुमारे तीन सेंटिमीटरची चीर, क्लिपपासून बोटभर लांब. हातात घेतला तर मिटलेली, दिसतच नाही. टर्बोचं चाक मोकळं फिरतं, घासत नाही, पाती स्वच्छ. इंटरकूलरमधून जेमतेम एक चमचा ऑइल निघालं.

पाइप कुठला घेऊ? बाजारात निळा सिलिकॉनचा मिळतो, तो चालेल का? आणि तोवर टेप गुंडाळून चालवलं तर?

---

खानापूर_रोड_डिझेल

टेप, एम-सील, सायकलची ट्यूब यातलं काही टिकत नाही. आत तेल, बाहेर उष्णता आणि वर एक बारचा दाब. पहिल्याच चढाला सुटतं. त्याहून वाईट म्हणजे आतून लावलेला सिलिकॉन सीलंटचा तुकडा सुटून इंटरकूलरमध्ये किंवा इनटेकमध्ये जातो. तोवर गाडी हलक्या पायानं, २००० च्या खाली चालवा. चीर टर्बोच्या पुढं आहे, म्हणून धूळ आत जात नाही, पण टर्बो तूट भरून काढायला जास्त वेगानं फिरतो. त्याला फार दिवस तसा पळवू नका.

पाइप कंपनीचा मूळ घ्या, माझं हे ठाम मत आहे. साध्या सिलिकॉनला उष्णता चालते, तेल चालत नाही. टर्बोच्या पाइपातलं तेल त्यातून पाझरतं आणि थर सुटत जातात. सिलिकॉनच घ्यायचा तर आतून फ्लुरोसिलिकॉनचं अस्तर असलेला मागा, आणि दुकानदाराला ते सांगता येत नसेल तर घेऊ नका. रेडिएटरचा पाइप मापाला बसतो म्हणून कापून बसवतात, तेही चुकीचं. रेडिएटरचा रबर पाण्यासाठी असतो, तेलानं फुगून मऊ पडतो.

बसवताना दोन्ही धातूची तोंडं ब्रेक क्लीनरनं पुसून पूर्ण कोरडी करा. तोंडावर तेलाचा थर राहिला तर कितीही आवळा, दाबाला पाइप घसरून निघतो. आत सरकायला ग्रीस किंवा ऑइल लावायचं नाही, अगदीच अडलं तर साबणाचं थोडं पाणी, ते वाळून जातं. धातूच्या तोंडाला उभी कड असते, क्लिप त्या कडेच्या पलीकडं, पाइपाच्या टोकापासून चार-पाच मिलिमीटर आत यायला हवी. क्लिप कडेवरच बसली तर पहिल्या घाटातच पाइप सुटतो. जुन्या क्लिपा पुन्हा वापरू नका. स्क्रूची क्लिप हाताच्या स्क्रू-ड्रायव्हरनं घट्ट होईल तेवढीच, पान्यानं ओढली तर ती रबर कापते. बसवल्यावर कॅप लावून पुन्हा १० पीएसआय भरा आणि सगळं भिजवून बघा. एक गळती बंद झाली की दुसरी ऐकू येते.

---

उद्यमबाग_वर्कशॉप

पाइपाचं काम झाल्यावर थांबू नका. इंजिन ढकलल्यावर चीर उघडली, म्हणजे इंजिन गरजेपेक्षा जास्त हलतंय. पाइप म्हातारा होऊन फाटला असेलही, पण माउंटिंग (इंजिनाला धरून ठेवणारा रबरी आधार) गेलेलं असेल तर दर गियरला इंजिन मागं-पुढं डोलतं आणि पाइप त्याच वाकणावर ओढला जातो. नवा पाइप सहा महिन्यांत त्याच जागी फाटेल.

बॉनेट उघडं ठेवून, हँडब्रेक आणि ब्रेक पूर्ण दाबून, क्लच अर्धा सोडून पहिल्यात आणि मग रिव्हर्समध्ये किंचित ताण द्या. दुसऱ्यानं बाजूला उभं राहून बघायचं, गाडीच्या समोर किंवा मागं नाही. इंजिन बोट-दीड बोट डोललं तर ठीक, तीन-चार बोटं उसळलं तर माउंटिंग बघा. रबर धातूपासून सुटलेलं किंवा मधून फाटलेलं दिसेल. तेलानं भरलेलं माउंटिंग असेल तर खाली तेलाचा ओघळ दिसतो.

---

हुक्केरी_शेतवाडी

आमच्या भागात आणखी एक कारण आढळतं म्हणून लिहितो. ऊस तोडला की शेतातले उंदीर घराकडं आणि गाडीकडं वळतात. गरम इंजिनावर बसतात आणि टर्बोच्या अ‍ॅक्च्युएटरकडं (व्हेन हलवणाऱ्या भागाकडं) जाणारी व्हॅक्यूमची बारीक नळी कुरतडतात. लक्षणं जवळपास तीच, पिकप कमी आणि पी०२९९, पण शिट्टी बारीक आणि स्लोवरही ऐकू येते.

तपासायला हाताचा व्हॅक्यूम पंप लागतो. अ‍ॅक्च्युएटरची नळी काढून पंप लावा, ओढलं की दांडा न अडखळता पूर्ण सरकला पाहिजे आणि मिनिटभर तिथंच टिकला पाहिजे. हळूहळू परत आला तर पडदा फाटलाय. पंप व्हॅक्यूम धरतो पण दांडा अर्ध्यावर अडतो, तर आत व्हेनवर काजळी बसलीये. नेहमी गावातल्या गावात, दोन-दोन किलोमीटर फिरणाऱ्या गाड्यांना हे जास्त होतं. नळी बदलताना जाड भिंतीची व्हॅक्यूमचीच घ्या, काच धुण्याच्या पाण्याची नळी ओढ लागल्यावर चपटी होते.

---

निपाणी_तवंदी

झालं काम. मूळ पाइप, दोन नव्या क्लिपा आणि वरचं माउंटिंग. माउंटिंगचं रबर मधून अर्धं फाटलं होतं, रिव्हर्सला इंजिन चार बोटं उसळत होतं. पुन्हा १० पीएसआय भरून बघितलं, ऑइलच्या झाकणातली थोडी फुसफुस सोडली तर कुठंच फेस नाही.

कोड पुसून आज सकाळी चार माणसं बसवून तवंदी चढलो. २२०० ला मागणी २०५, मिळाले २०२. शिट्टी नाही, काळा धूर नाही. वंटमुरी चौथ्यात निघाली. टर्बो आहे तोच. फुटका पाइप कापून बघितला, आतला थर चिरेच्या दोन्ही बाजूंना मऊ पडून सुटलेला होता.

चिकोडीकर, तुमच्या पीसीव्हीचं काय झालं ते इथंच लिहा.

---

चिकोडी_पेट्रोल

ऑइलचं झाकण सैल केल्याबरोबर शिट्टी बंद. पडदाच फाटलाय. आमच्या इंजिनात तो वरच्या कव्हरला जोडून येतो, कव्हर आणि गॅस्केट दोन्ही मागवलंय. ब्रेकचं पेडल चालू केल्यावर खाली बसतं, ते ठीक आहे.